बावीस नंबरची भाकर

१

मी फिजिक्स शिकवतो. लातुरात माझा स्वतःचा क्लास आहे, भिंतीवर मेरिटात आलेल्या पोरांचे फोटो आहेत. दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, सर, भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होता? मग मी त्याला तरंगांवरचं एक अवघड गणित घालतो. ते सोडवता सोडवता तो आपला प्रश्न विसरतो. हे सांगायचं कारण एवढंच की मी भुताखेतांतला माणूस नाही. आत्ताही हे लिहिताना माझं अर्धं डोकं यातल्या चुका शोधतंय. सापडल्या तर मलाच बरं वाटेल.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. आमचं धामणवाडी सप्टेंबरातच दगडमातीचा ढीग झालं होतं आणि उरलेली माणसं माळावरच्या पत्र्याच्या शेडांत राहत होती. शेडांना डांबराने नंबर घातले होते. कुणा भल्या अधिकाऱ्याने ठरवलं होतं, जुन्या गावात ज्याच्या शेजारी जो होता, तोच इथेही असावा. कल्पना चांगली होती. फक्त यादी जुनी होती. त्यामुळे जी घरं मुळासकट गेली, त्यांच्याही नावाने शेड उभे राहिले. आमच्या बौद्धवस्तीच्या रांगेत एकतीस शेड, त्यातले सहा रिकामे. त्यांच्या दारांना तार गुंडाळलेली होती. जागेची एवढी टंचाई असून त्यांत कुणी कडब्याची पेंढीसुद्धा ठेवली नाही.

त्या रांगेत सेवा करायला श्रीलंकेहून भन्ते सोरत आले. वय वर्षं चोवीस. त्यांच्या संघाने धम्मदूत म्हणून पाठवलेले, देशाबाहेर पहिल्यांदाच. एक आठवडा आमच्याकडे राहायचं, मग पुढे देगलूरकडे जायचं. गावात इंग्रजी बोलणारा मी एकटा, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा लातुरात दुसऱ्याच्या क्लासला शिकवायचो. नऊची एसटी पकडली की साडेदहाची बॅच मिळायची. म्हणून ठरलं, सकाळी भन्तेंबरोबर फिरायचं, त्यांचं जेवण झालं की सुटायचं.

२

भन्तेंची पद्धत आमच्या लोकांना नवी होती. सकाळी उजाडलं की पात्र घेऊन अनवाणी निघायचं. नजर पुढच्या चार हात जमिनीवर. दारापुढे उभं राहायचं, पण मागायचं नाही, हाक मारायची नाही. देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. काही मिळालं तर आशीर्वाद द्यायचा, नाही मिळालं तर थोडं थांबून पुढे सरकायचं.

माझ्या आईला, नागुबाईला, हे काही पटलं नाही. "भन्तेजीला असं दारात हुबं करायचं व्हय? आत बोलवावं, सतरंजी टाकावी." पण तिने पहाटे उठून सगळ्यांत आधी चूल पेटवली होती.

निघताना भन्तेंनी मला विचारलं, "किती घरं?"

"एकतीस," मी म्हणालो. "सगळी आपलीच. एकही सोडू नका."

आमच्यात आमंत्रणातून एखादं घर राहिलं तर दहा दहा वर्षं बोलणं बंद असतं, त्या भीतीने मी तसं बोललो, आणि रांगेचा कारभार बघणाऱ्या भीमाकाकांनाही तेच सांगितलं. सहा रिकामी आहेत हे सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. ती का रिकामी आहेत, हे पुढे सांगावं लागलं असतं, आणि मला सकाळी सकाळी ते नको होतं. तार बघून ते आपोआप पुढे जातील असं मला वाटलं. जो माणूस नजर वर करत नाही त्याला तार दिसणार कशी, हा विचार मी केला नाही.

आम्ही विहार म्हणून वापरत होतो त्या शेडमध्ये भन्ते जेवायला बसले. दोन घास झाल्यावर त्यांनी तोंडातून काहीतरी काढून बाजूला ठेवलं. भाकरीत खडा होता. मग सहज म्हणाले, "काही घरांत माणसं दार थोडंसंच उघडतात. आजारी आहेत का?"

"दुःखातली माणसं आहेत," मी म्हणालो आणि घड्याळ बघितलं.

३

मंगळवारीही भाकरीत कचकच लागली. भीमाकाका खवळले. "कोनाच्या घरचं पीठ हाय हे? माती मिसळून राहिले का काय? पावण्यासमोर इज्जत घालवून राहिले!" ते दारोदार विचारून आले. कुणीच कबूल होईना.

बुधवारी भन्तेंचं जेवण झाल्यावर उरलेलं अन्न आईने लेकरांना वाटायला घेतलं. त्यात अर्धी भाकर होती. बायकांना भाकरीवरून हात कळतो, हे पुरुषांना खोटं वाटतं, पण मी लहानपणापासून बघत आलोय. आई पंगतीत बसून सांगायची, ही अमकीची, ही तमकीची. त्या दिवशी तिने तो तुकडा उजेडात धरला, पालथा केला, कडेवरून अंगठा फिरवला. एका बाजूची कोर जाड होती. तिने तो तुकडा लेकरांना दिला नाही. पदराच्या टोकाला बांधला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कायी न्हाई. तुजी यष्टी जाईल."

ती जाड कोर मलाही माहीत होती. माझी धाकटी बहीण बुद्धप्रिया अशी भाकर करायची. लहानपणी कडबा कापताना तिच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं होतं, त्यामुळे थापताना एक बाजू जाड राहायची. मी तिला चिडवायचो, तुझ्या भाकरीला उतार असतो म्हणून.

प्रियाचं लग्न भूकंपाच्याच वर्षी मे महिन्यात, गावातच झालं होतं. आमचं घर कुडाचं, वर गवत. तिला मिळालं दगडी, माळवदाचं घर. लग्नात आम्ही त्या घराचा केवढा तोरा मिरवला! सप्टेंबरात कुडाच्या घरातली आई वाचली आणि दगडी घरातली सगळी माणसं गेली. सासरच्यांच्या नावाने मिळालेल्या शेडचा नंबर बावीस.

मी आईला सांगितलं होतं, मी प्रियाला बघितलं. झोपेतच गेली, तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता, मीच तिला सरणावर ठेवलं. त्या शब्दांवर आई जेवायला लागली, झोपायला लागली. मी प्रियाला बघितलं नव्हतं. आईला हे कधी कळू नये, एवढीच एक गोष्ट मला त्या दिवसांत हवी होती.

४

जाड कोर कुणाच्याही भाकरीला असू शकते. वर्गातला पोरगा एका मोजमापावरून नियम सांगायला लागला तर मी त्याला खाली बसवतो. म्हणून गुरुवारी मी नीट बघायचं ठरवलं. भन्तेंच्या दहा पावलं मागे चाललो.

आठ नंबर रिकामा होता. भन्ते थांबले, थोडा वेळ उभे राहिले, पुढे गेले. चौदा नंबर आमचा, तिथे आईने भाकर आणि हुलग्याचं माडगं दिलं. सतरा रिकामा, तिथेही थांबून पुढे. मला हायसं वाटलं.

बाविसाला ते थांबले. दार बंद होतं. त्यांनी पात्राचं झाकण सरकवलं. दोन्ही हातांतलं पात्र जरासं खाली गेलं, वजन पडल्यावर जातं तेवढंच. त्यांचे ओठ हलले. झाकण लावून ते तेविसाकडे वळले.

मी दारापाशी गेलो. तारेचे तीन वेढे जसेच्या तसे होते. तारेवर दव होतं, थेंबाला थेंब लागून, एकही मोडलेला नव्हता. आतून आवाज आला, पत्र्यावरून कुणी हळूच नख ओढावं तसा. पत्रा तापला की वाढतो, वाढताना वाजतो. हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. पण ऊन अजून त्या पत्र्यावर पोहोचायचं होतं.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर एकच उदाहरण दोनदा लिहिलं. पोरं हसली. मीही हसलो आणि दुसरं पुसून टाकलं.

५

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी भन्तेंना सरळ विचारलं, "बावीस नंबरला काय मिळतं तुम्हाला?"

"नंबर मला माहीत नाहीत," ते म्हणाले. "मला पाय माहीत आहेत. तुमच्या आईच्या पायाच्या अंगठ्याला मोठी भेग आहे, तिच्यात हळद भरलेली असते. तिच्यानंतर आठव्या दारात एक तरुण बाई आहे. पायांवर पांढरी माती, घोट्यांपर्यंत. जोडवं एकाच पायात."

पांढरी माती जुन्या गावठाणाची. या माळावर सगळी काळी आहे.

"सोमवारी ती पार आत, मागच्या पत्र्याजवळ उभी होती," भन्ते म्हणाले. "फक्त हात लांबवर आला. रोज एक पाऊल पुढे येते. आज तिच्या पायांची बोटं अगदी दाराशी होती." मग जरा लाजून म्हणाले, "ती रोज काहीतरी बोलते. रोज तेच. तुमच्याकडे दान देताना असं म्हणत असतील असं मला वाटलं. पाठ झालं आहे, म्हणून दाखवू?"

"नको," मी म्हणालो. फार मोठ्याने म्हणालो. भन्ते दचकले.

मी एसटीत बसलो, पण अंगाला जागा सापडेना. उभा राहिलो, पुन्हा बसलो. चार महिने दाबून ठेवलेला तो दुपारचा तास डोळ्यांपुढे होता, तो आता सांगूनच टाकतो.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस पडत होता. जवान ढिगाऱ्यापाशी आले की सगळ्यांना गप्प करायचे आणि घरच्या माणसाला हाक मारायला सांगायचे. ओ आली की खणायचं, नाही आली की पुढचं घर. प्रियाच्या घराची एक भिंत तिरपी लटकत होती आणि तिच्याखाली जेमतेम एक बारीक माणूस सरपटत जाईल एवढी फट होती. तिथे बारीक माणूस मीच होतो. मी हाक मारली, "प्रिया!" सगळे कान देऊन उभे. आणि मला काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक. पावसाचं पाणी असेल, वासा करकरला असेल. जवानाने विचारलं, "कोई है?" मी त्या लटकत्या भिंतीकडे बघितलं. मी म्हणालो, "नहीं, कोई नहीं."

ते पुढच्या घराकडे गेले. संध्याकाळी भिंत बसली. नंतर तिथून कोण कोण निघालं, एकेका सरणावर किती जण गेले, कुणी मोजलं नाही.

६

शनिवारी भन्तेंचं जेवण झाल्यावर मी भीमाकाकांना बाजूला घेतलं. उद्या शेवटचा दिवस, उद्या रांग विसापर्यंतच न्यायची, असं मी सुचवलं.

"आवं सर, पैल्या दिशी तुमीच म्हनला न्हाई का, एक बी घर सोडू नगा? आन आता म्होरल्या घरांस्नी काय तोंड दावू मी?"

मग मी भन्तेंनाच खरं सांगितलं. सहा शेड रिकामे आहेत. बाविसात कुणी राहत नाही, कधीच राहिलं नाही.

त्यांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. चोवीस वर्षांचं पोर ते, देश सोडून जेमतेम आठवडा झालेला. "मग मी सहा दिवस कुणाचं अन्न खातोय?" ते म्हणाले. "मला भीती वाटते. पण तिचं दार सोडता येणार नाही. कुणाचं दान नाकारायचं म्हणजे त्याच्यापुढे पात्र पालथं घालायचं. ती आमच्यात शिक्षा असते. तिने काय केलंय?"

"आनंदा." आई दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण माझं तोंड तिला वाचता येत होतं. ती आत आली, हात जोडून भन्तेंपुढे खाली बसली आणि पदराची गाठ सोडली. भाकरीचे चार तुकडे होते. रोजचा एक.

"त्यांस्नी इचार, हे देनारीच्या पायात जोडवं हाय का. एका का दोनी."

मी भन्तेंना इंग्रजीत म्हणालो, "आई विचारते, उद्या किती वाजता निघणार?"

"आठला जीप येईल," भन्ते म्हणाले.

"त्यांनी कोणाला बघितलं नाही म्हणतात," मी आईला म्हणालो. "ते मान खाली घालून चालतात ना."

आई माझ्याकडे बघत राहिली. भन्ते तिच्या हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिले. त्यांना काय समजलं मला ठाऊक नाही. ते सावकाश म्हणाले, "या आईला सांगा, ती बाई रोज एकच वाक्य बोलते. तुम्हाला नको होतं, पण यांना कदाचित हवं असेल." मी तोंड उघडायच्या आत ते आईकडे वळले आणि अर्थ न कळता पाठ केलेलं, त्यांच्या गोल गोल उच्चारात, एकेक शब्द तोडून म्हणाले:

"दादा. ओ. देऊन. राहिले. की. मी."

बाहेर हापशावर कुणीतरी घागर भरत होतं.

हे वाक्य भन्तेंनी वस्तीत कुठेही ऐकलं असेल. रोज कुणी ना कुणी कुणाला हाक मारत असतं, कुणी वैतागून असं म्हणतं. मी ते आईला सांगायला लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तू तिला हाक मारली व्हती?"

झोपेत गेलेल्या पोरीला, जिला मीच सरणावर ठेवलं तिला, हाक मारायचं काही कारण नव्हतं. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"हाव," मी म्हणालो.

"मंग?"

मी घड्याळाकडे बघितलं. तिने तुकडे पुन्हा पदरात बांधले, भन्तेंना वंदन केलं आणि निघून गेली. ती रडली असती, तिने मला मारलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

७

आई त्यानंतर कुठे राहिली, कशी राहिली, हे धामणवाडीत कुणालाही विचारा, सांगतील. मी फक्त रविवारची सकाळ सांगतो, कारण ती इथे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

चौदा नंबरची चूल थंड होती आणि आई तिथे नव्हती. मला वाटलं हापशावर गेली असेल. भन्ते निघाले, मी मागे. बाविसाला ते थांबले. झाकण सरकवलं. पात्र खाली गेलं, आणि मग पुन्हा एकदा खाली गेलं. आणि सात दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नजर वर केली. क्षणभरच. मग ते भराभर चालायला लागले. पुढच्या दारापाशी मी त्यांना गाठलं.

"आज दोघी आहेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

ते पुढची घरं घेत गेले. मी मागे फिरलो. बाविसाची तार सोडून जमिनीवर टाकलेली होती. दार आतून लोटलेलं. पत्र्याचं दार आणि जमीन यांच्यात वीतभर फट असते, सगळ्याच शेडांना. मी भन्ते बघतात तसं खाली बघितलं. दाराच्या आत, अगदी जवळ, आईचे पाय होते. भेगेतली हळद ओळखू आली. त्यांच्या शेजारी आणखी दोन पाय होते. घोट्यांपर्यंत पांढरे.

पायांच्या दोन्ही जोड्यांची बोटं माझ्या दिशेने होती. त्या दोघी दाराला तोंड करून उभ्या होत्या, वाट बघत. काय करायचं ते मला समजलं. वेगळं काहीच करायचं नव्हतं. जे तेव्हा केलं होतं तेच करायचं होतं, आणि या वेळी थांबायचं होतं.

मी हाक मारली. "प्रिया."

लगेच ओ आली. बारीक, ओळखीची, त्या दुपारी जशी आली होती तशीच. पाण्याचा आवाज तसा नसतो. वाशाचाही नसतो. तो आवाज मला चार महिन्यांपूर्वीही नीट ओळखता आला होता.

आणि तिच्या मागोमाग आईचा आवाज आला. शांत होता. कैक दिवसांत ती माझ्याशी इतक्या मायेने बोलली नव्हती.

"आता ये आत, आनंदा."

दार फक्त लोटलेलं होतं. मी हात पुढे केला. पत्रा गार होता. मी तो ढकलला नाही. मी हात मागे घेतला, खिशात घातला आणि वळून फाट्याकडे चालायला लागलो. फाट्यापर्यंत मागे बघितलं नाही. मागून पुन्हा कुणी हाक मारली नाही.

रविवारची टेस्ट असायची, साडेदहाला. नऊची एसटी मला मिळाली, खिडकीशी जागासुद्धा मिळाली. मी वेळेत पोहोचलो आणि पेपर वाटले.